‘दिसलाच नाहीत तुम्ही!’

या पॉडकास्टवर बोलायला बोलावलं तेव्हा मला विषय विचारला होता. मी म्हटलं, सायकल. "वा, छान, आरोग्याचा विषय आहे." मग मी वाक्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता. तरीही बोलावलंत, त्याबद्दल आधी आभार मानते.

तर तो उरलेला अर्धा भाग असा. इंग्लंडच्या दक्षिणेला ज्या गावात मी गेली अठरा वर्षं राहते, तिथे आम्ही २०२३च्या जूनमध्ये एक सायकल फेरी काढली. तिच्यात कपडे ऐच्छिक होते. म्हणजे शाळेत चित्रकला ऐच्छिक असायची ना, तसं. पूर्ण घाला, अर्धे घाला, नाहीतर घालूच नका. गावाचं नाव सांगत नाही. गोष्टीतली माणसं तिथेच राहतात, आणि त्यांनी काही पॉडकास्टवर यायला होकार दिलेला नाही.

आता तुमच्या मनात पहिला प्रश्न आला असेल, की सांगलीच्या बाईला हे कुठून सुचलं? सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज सायकलने कामावर जाते. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये, सकाळी सव्वाआठला, माझ्या उजव्या बाजूने एक गाडी पुढे आली आणि मला आडवी जात डावीकडे वळली. मी तिच्या दारावर आपटले. खांद्याचं हाड मोडलं, गळ्याजवळचं, ज्याला कॉलरबोन म्हणतात ते. आणि लक्षात घ्या, माझ्या अंगावर पिवळंजर्द चमकणारं जाकीट होतं. डोक्यावर हेल्मेट, पुढे-मागे दिवे, आणि दिवे लागलेले होते. गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. माझ्यापेक्षा तेच जास्त थरथरत होते. माझा हात धरून एकच वाक्य परत परत म्हणत होते, "माफ करा, दिसलाच नाहीत तुम्ही. दिसलाच नाहीत."

खोटं बोलत नव्हते ते. मी खरंच दिसले नव्हते. त्यांची नजर मोटारी शोधत होती, आणि मी मोटार नव्हते. ब्रिटनमध्ये दरवर्षी शंभराच्या आगेमागे सायकलस्वार रस्त्यावर मरतात. जखमी होणारे हजारोंनी असतात, आणि त्यांतले काही माझ्याच टेबलावर येऊन पडतात. इथले सायकलवाले सगळे हे वाक्य ओळखतात. ‘दिसलाच नाहीत.’

हाड जुळलं. पण त्या वळणावरून जाताना पुढे वर्षभर माझे हात हँडलवर घट्ट व्हायचे. गावातल्या सायकलवाल्यांच्या गटात मी तेव्हापासून जायला लागले. ते वळण सुरक्षित करा म्हणून आम्ही काउन्सिलला अर्ज दिले. एक, दोन, पाच. प्रत्येकाला सभ्य उत्तर यायचं, की आपला अर्ज मिळाला, आभारी आहोत. २०२२च्या हिवाळ्यात एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपण आता उघडंच जायला हवं." सगळे हसले. आणि मग हसायचे थांबले.

ही कल्पना आमची नव्हे

थोडा इतिहास सांगते, म्हणजे हे आमच्याच गावाचं खूळ नाही हे कळेल. स्पेनमध्ये सारागोसा नावाचं शहर आहे, तिथे २००१मध्ये सायकलवाल्यांनी कपडे उतरवून मोर्चा काढला. मोटारींच्या गर्दीत आमचं शरीर किती उघडं पडलंय ते बघा, हा त्याचा अर्थ. तिकडे कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये, कॉनरॅड श्मिट नावाच्या कार्यकर्त्याने २००४ साली ‘जागतिक नग्न सायकल फेरी’ची हाक दिली. तेव्हा भर होता तेलावरच्या अवलंबित्वाला विरोध करण्यावर. सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचा मुद्दा नंतर मोठा झाला. लंडनमध्ये त्याच वर्षापासून फेरी निघते. उत्तर गोलार्धात साधारण जूनमध्ये, दक्षिणेत मार्चमध्ये, म्हणजे उन्हाचे दिवस बघून. अमेरिकेत पोर्टलंडला तर हजारो लोक येतात. २००८मध्ये तिथल्या एका न्यायाधीशाने असा खटला काढून टाकला आणि सांगितलं, की ही आता या शहराची रुळलेली परंपरा आहे. सगळीकडे नियम एकच, हिंमत असेल तितकं उघडं.

माझी हिंमत, आधीच सांगून टाकते, पोहण्याच्या पोशाखापर्यंतच होती.

हरकती व सूचना

आमच्या समितीत कामं वाटली गेली. मार्ग कुणी ठरवायचा, प्रथमोपचार कुणी बघायचे वगैरे. पत्रव्यवहार माझ्याकडे आला. माझे वडील जिल्हा परिषदेत होते, त्यामुळे अर्ज, जावक क्रमांक, पोच हे सगळं माझ्या रक्तातच आहे. मी एक दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर मराठीत लिहिलं, ‘हरकती व सूचना’. बाकीच्यांना वाटलं मी काहीतरी मंत्र लिहिलाय.

इथे पोलिसांची ‘परवानगी’ लागत नाही, हे मला नवीन होतं. १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याप्रमाणे अशी मिरवणूक काढायची तर किमान सहा पूर्ण दिवस आधी लेखी कळवायचं. तारीख, वेळ, मार्ग, आयोजकाचं नाव आणि पत्ता. आयोजक म्हणून दोन नावं दिली, त्यातलं एक माझं. ते लिहिताना पेन थोडं थांबलं, हे कबूल करते.

आम्ही सहा दिवसांवर नव्हतो थांबलो, दोन महिने आधीच कळवलं होतं. बातमी फुटली आणि वही भरायला लागली. काउन्सिलने चर्चच्या सभागृहात बैठक बोलावली. साठेक माणसं आली. मी पुढे बसले होते, अंगावर बंद गळ्याचा स्वेटर. मुद्दाम नव्हता घातला हो, थंडी होती.

पहिली हरकत होती, हे बेकायदा आहे. याचं उत्तर बैठकीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेच दिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावर नुसतं उघडं असणं हा आपोआप गुन्हा होत नाही. २००३च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं ६६वं कलम लागतं, ते कुणाला घाबरवण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने गुप्तांग दाखवलं तर. हेतू महत्त्वाचा. फेरीत कुणी धमकावलं, अश्लील चाळे केले, तर तिथल्या तिथे कारवाई. हे ऐकून अर्ध्या सभागृहाला हायसं वाटलं आणि अर्ध्याला राग आला.

दुसरी हरकत मुलांची. आमचा मार्ग शनिवारी दुपारी तीन वाजता बागेला लागून जात होता, आणि तीन वाजता बागेत झोपाळ्यांवर निम्मा गाव असतो. एक बाबा म्हणाले, "माझ्या मुलीला काय सांगायचं ते मी ठरवणार, आणि केव्हा सांगायचं तेही. तुम्ही नाही." यात मला तरी चूक काही दिसली नाही. वहीत ‘मान्य’ असा शेरा मारला.

तिसरी हरकत एका निवृत्त बस ड्रायव्हरची. ते म्हणाले, "तीस वर्षं या रस्त्यांवर बस चालवली. सायकलवाल्यांची काळजी मला आहे. पण तुम्ही कपडे काढलेत की लोक तुमचं ढुंगण बघणार. वळण कोण बघणार?" सभागृह हसलं, मीही हसले. पण घरी येऊन वहीत ती हरकत लिहिली आणि समोर शेरा मारायला काही सुचेना. ती जागा कोरीच ठेवली.

एक पत्र

बैठकीनंतर चार दिवसांनी एक पत्र आलं. हाताने लिहिलेलं, खाली नाव नाही, फक्त गल्लीचं नाव. बाईंचं होतं. शब्द त्यांचे आहेत, म्हणून वाचून दाखवत नाही. मतितार्थ सांगते. त्या तरुण असताना एका रिकाम्या रस्त्यावर एक पुरुष त्यांच्यासमोर उघडा होऊन उभा राहिला होता, आणि नंतर त्यांच्या मागे चालत आला होता. त्याला बरीच वर्षं झाली. तुमचा उद्देश चांगला आहे हे मला कळतं, असं त्यांनी लिहिलं होतं. पण माझ्या दाराबाहेरून शंभर उघडी माणसं गेली, तर माझ्या छातीतल्या धडधडीला तो निषेध मोर्चा आहे हे कळणार नाही. तुम्ही कपडे काढायचे की नाही हे ठरवू शकता. मी बघायचं की नाही हे मला कोण विचारणार?

मंडळी, मला या पत्राने रात्रभर झोपू दिलं नाही. कारण माझी सगळी तक्रार काय होती? की रस्त्यावर मला कुणी विचारत नाही. मोठी गाडी येते, मला न बघता वळते, आणि मोडतं माझं हाड. आणि आता मी तेच दुसऱ्या कुणाला करायला निघाले होते. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी दिसले नव्हते, तशा या बाई मला दिसल्या नव्हत्या.

समितीत जोरदार वाद झाला. एक जण म्हणाला, एकेकाच्या भीतीप्रमाणे मार्ग बदलत बसलो तर फेरी आपल्या परसात काढावी लागेल. ते काही अगदीच चूक नव्हतं. निषेध कुणालाच न खुपता झाला तर तो निषेध कसला? दुसरी म्हणाली, मग रद्दच करू. तेही मला पटेना. मी वही उघडून बसले. वडील म्हणायचे, हरकत म्हणजे नकार नसतो. हरकतदार काय मागतोय ते वाक्य शोधायचं. पत्रात ते होतं. ‘बंद करा’ असं बाईंनी कुठेच म्हटलेलं नव्हतं. ‘मला विचारा’ असं म्हटलं होतं.

मग आम्ही काय केलं? वेळ तीनवरून संध्याकाळी सहावर नेली. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि सहाला बाग रिकामी होते. बागेची बाजू आणि त्या बाईंची गल्ली मार्गातून काढली. दहा दिवस आधी मार्गावरच्या प्रत्येक दारात चिठ्ठी टाकली. त्यात तारीख, कोणत्या रस्त्यावरून किती वाजता जाणार, किती मिनिटं लागणार, आणि बघायचं नसेल तर कोणत्या वेळेत बाहेर पडू नये, हे सगळं. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना पूर्ण कपड्यातले स्वयंसेवक फलक घेऊन उभे करायचं ठरलं, म्हणजे नकळत कुणी समोर येणार नाही. फेरीतल्यांसाठीही नियम केले. न विचारता कुणाचा फोटो काढायचा नाही, अचकट विचकट वागलं तर बाहेर.

सातशे चिठ्ठ्या होत्या. पाय दुखले. आणि दारोदार जाताना जे बोलणं झालं, ते पाच अर्जांनी झालं नव्हतं. "मलाही त्या वळणावर भीती वाटते," असं सांगणारे चिठ्ठी वाटताना भेटले.

काकांचा फोन

आता आपल्या माणसांकडे येते. आमच्या भागात मराठी मंडळ आहे. गणपतीत मोदकांची जबाबदारी माझ्याकडे असते. एका संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी स्थानिक वर्तमानपत्राची बातमी टाकली, आयोजकांच्या नावांसकट. मग काय, हात जोडलेले, डोळे झाकलेले सगळे इमोजी आले. एकीने लिहिलं, "आपले संस्कार?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठ काकांचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे मिरजेचे.

"अगं, हे काय ऐकतोय मी?"

"खरं आहे काका."

मी बचावाला एक मुद्दा तयार ठेवला होता. म्हटलं, "काका, आपल्या सांगली-मिरजेकडे दिगंबर मुनींचा विहार आपण लहानपणापासून बघितलाय. हातात पिंछी-कमंडलू, अंगावर काही नाही. भर बाजारातून जातात, आणि लोक पाया पडतात. कुणी डोळे झाकत नाही."

काका जरा थांबले. म्हणाले, "ते सगळं सोडून निघालेले असतात म्हणून लोक वाकतात. तू काय सोडलंयस?"

मुद्दा निरुत्तर करणारा होता. खरंच, मी काय सोडलं होतं? माझं घर, माझी नोकरी, माझी सायकल, सगळं होतंच. मी म्हटलं, "काही नाही सोडलं काका. तुमचं बरोबर आहे, ती तुलना मी करायला नको होती. मी फक्त घाबरले होते. आणि घाबरलेय हे कुणाला दिसत नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "हाड मोडलं होतं ना तुझं? कसं झालं होतं ते?" पाच वर्षांत मंडळातल्या कुणी ते नीट विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यावर ते त्यांच्या तरुणपणीच्या सायकलीवर गेले. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, आणि डबलसीट पकडलं तर दंड. "सायकल म्हणजे तेव्हा रस्त्यावरचं मानाचं वाहन होतं गं," म्हणाले. फोन ठेवताना मात्र स्पष्ट सांगितलं, "मला हे पसंत नाही. मी येणार नाही. पण गणपतीत मोदक तूच करायचेस. कुणी काही बोललं तर मी बघतो."

आणि घरातली हरकत राहिलीच. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "आई, सोमवारी मला शाळेत जायचंय." मी तिला विचारलं, काय केलं म्हणजे चालेल? बरीच घासाघीस झाली. ठरलं असं, की तिने यायचं नाही, तिच्या शाळेच्या रस्त्यावरून फेरी जाणार नाही, आणि मी शेवटच्या सायकलवर राहायचं, पुढे नाही. बदल्यात ती माझ्या पाठीवर रंगाने घोषणा लिहून देणार. मी म्हटलं, मराठीत लिही. तिने जीभ बाहेर काढून, अर्धा तास लावून लिहिलं, ‘आता दिस्ते का?’ ‘दिसते’चा ‘स’ जोडून टाकला. मी तसाच राहू दिला.

फेरीचा दिवस

एकशे वीसच्या आसपास लोक आले. पूर्ण उघडे असतील तीसेक. बाकी चड्डीत, पोहण्याच्या कपड्यांत, रंग फासलेले, एक गृहस्थ फक्त टाय घातलेले. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटलं. सहाव्या मिनिटाला माझ्यातली फिजिओथेरपिस्ट जागी झाली आणि मला दिसायला लागलं, की याचा गुडघा बदललेला आहे, हिचा डावा खांदा आखडलाय, याने सीट खूप खाली ठेवलीय. पोटं सुटलेली, टाके घातलेले, सुरकुतलेले. सिनेमातली शरीरं नव्हेत. थंडी वाजणारी शरीरं.

आणि गाड्या! इथल्या वाहतूक नियमावलीत २०२२पासून आहे, की ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर सोडा. पिवळ्या जाकिटात मला ते कधी मिळालं नव्हतं. त्या संध्याकाळी प्रत्येक गाडी रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेने गेली. काही तर थांबूनच राहिल्या.

एक गंमत मात्र झाली. मी शेवटची, म्हणजे शेपटीची स्वयंसेवक. नियमाप्रमाणे स्वयंसेवकाला चमकणारं पिवळं जाकीट सक्तीचं. ते पाठीवर आलं, आणि मुलीने अर्धा तास लावून लिहिलेलं त्याच्याखाली झाकलं गेलं. पूर्ण फेरीभर कुणालाही ते दिसलं नाही. म्हणजे पुन्हा तेच, पिवळं जाकीट आणि आत मी.

त्या वळणावर सगळे एक मिनिट थांबले, घंट्या न वाजवता. माझे हात हँडलवर घट्ट झाले. मग सुटले.

पुढे काय झालं

स्थानिक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर फोटो छापला. टायवाले गृहस्थ, मागून. बातमीत वळणाबद्दल एक वाक्य होतं, शेवटच्या परिच्छेदात. बस ड्रायव्हर आजोबांचं बरंचसं खरं ठरलं. मी वहीत त्या कोऱ्या जागी ‘अंशतः मान्य’ असं लिहिलं. तीन महिन्यांनी काउन्सिलने त्या वळणावर रस्त्यात काळ्या रबरी नळ्या टाकल्या, वाहनं मोजायला. बस, इतकंच. ते फेरीमुळे झालं, सातशे चिठ्ठ्यांमुळे झालं की सहाव्या अर्जामुळे, मला सांगता येणार नाही. वळण अजून तसंच आहे.

आणि त्या बाई. फेरीनंतरच्या आठवड्यात पुन्हा एक पत्र आलं, तेच अक्षर. चिठ्ठी मिळाली होती, त्या दिवशी बहिणीकडे जाऊन आल्या, आठला परतल्या तेव्हा रस्ता शांत होता. कळवल्याबद्दल आभार. आणि खाली, ‘तुम्ही करता ते चूकच आहे असं मला अजूनही वाटतं.’

ते पत्र मी वहीतच चिकटवून ठेवलंय. समोर शेरा नाही.

पुण्यात, सांगलीत अशी फेरी काढा असं मी सांगायला आलेले नाही. तिथला कायदा वेगळा, रस्ता वेगळा, बाईकडे बघणारी नजर वेगळी. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. आपण गाडी डावीकडूनच चालवतो. तेव्हा डावीकडे वळायच्या आधी एकदा आरशात बघा, आणि मग मान वळवून पुन्हा एकदा बघा. कुणीतरी असेल तिथे. पूर्ण कपड्यात, दिवा लावून, आपल्या बाजूने नीट चाललेलं.

तुमच्या हरकती आणि सूचना जरूर पाठवा. वहीत पानं शिल्लक आहेत.